टूलरूमकाकांची बॅटिंग

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या ज्या कारखान्यात मी सात वर्षं काढली, तिथे गाड्यांच्या सीटखालच्या पट्ट्या बनायच्या. सीट पुढेमागे सरकते ती त्या पट्ट्यांवरून. माझं काम क्वालिटीचं. आलेला पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसवून बघायचा, बसला नाही तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा आणि मग ज्याने तो बनवला त्याच्याशी सभ्य शब्दांत भांडायचं. हे मला चांगलं जमायचं. २००१ साली नागपूरहून तिथे आले तेव्हा मी त्या मजल्यावरची एकटी बाई इंजिनिअर होते, त्यामुळे चूक न करणं हा माझा स्वभावच होऊन गेला होता. एखादी गोष्ट येत नसेल तर ती करायचीच नाही, म्हणजे चुकणारही नाही, असा माझा साधा हिशोब.

आमच्या कंपनीची सॉफ्टबॉलची टीम होती. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच, पण जरा घरगुती. मैदान लहान, चेंडू मोठ्या मोसंब्याएवढा, आणि तो खालून, कमान करून फेकायचा. दर गुरुवारी संध्याकाळी कारखान्यामागच्या म्युनिसिपल मैदानावर आजूबाजूच्या कंपन्यांचे सामने व्हायचे. लीगचा एक नियम होता: दहा खेळाडूंत किमान चार बायका हव्यात, नाहीतर न खेळताच हरलात. २००३ च्या मे महिन्यात पर्चेसमधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि आमच्या टीमकडे तीनच बायका उरल्या.

त्या आठवड्यात टूलरूमचे प्रमुख माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टूलरूम म्हणजे साचे दुरुस्त करायचा विभाग. हे गृहस्थ साठीला टेकलेले, उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले, कानामागे कायम पेन्सिल. टीम तेच चालवायचे. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे, मीही मारायचे. पण इंग्रजीत तू-तुम्ही नाही ते बरंच होतं, कारण मनातल्या मनात मी त्यांना 'तुम्ही'च म्हणायचे. घरी आम्ही त्यांना टूलरूमकाका म्हणत असू.

"गुरुवारी काय करतेस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी आयुष्यात कधी बॅट हातात धरलेली नाही. लहानपणी मुलांचा बॉल आमच्या गच्चीवर यायचा तो परत फेकायचे, एवढाच माझा अनुभव."

"उभं राहता येतं?"

"येतं."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी एक निळी टोपी माझ्या टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले.

आणि मी खरोखरच उभी राहिले. पहिले तीन गुरुवार मी होम प्लेटशी, म्हणजे त्या पांढऱ्या रबरी पाटीशी, बॅट खांद्यावर घेऊन नुसती उभी होते. बेसबॉलमध्ये बॅटरसमोर हवेत एक अदृश्य चौकट असते, गुडघ्यापासून छातीपर्यंत. त्या चौकटीबाहेरून चार चेंडू गेले तर तुम्हाला पहिला बेस, म्हणजे एरवी धावून गाठायचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. चेंडू चौकटीतून गेला आणि तुम्ही मारला नाही तर स्ट्राइक. असे तीन झाले की आउट. पहिले तीन आठवडे समोरचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, माझ्यासारख्या साडेचार फुटांपेक्षा जेमतेम उंच बाईला बघून गोंधळायचे. माझी चौकटच इतकी लहान की त्यांना ती सापडेना. चार चेंडू बाहेर जायचे आणि मी ऐटीत चालत पहिल्या बेसवर. बाकावरून टीम ओरडायची, "गुड आय! गुड आय!" काय नजर आहे, काय नजर आहे! मला ते पटायला लागलं.

नवरा तर खूशच झाला. तो पुण्याचा, कॉलेजच्या टीममध्ये ओपनिंगला जायचा, आणि नवीन माणसाला ही गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळेल याची तो काळजी घ्यायचा. "अगं, लीव्ह करणं हीच खरी आर्ट आहे," तो म्हणाला. "बॉल सोडायला अक्कल लागते. मारतं काय, कोणीही मारतं."

चौथ्या गुरुवारी समोर रस्त्यापलीकडची प्लास्टिकवाली कंपनी होती. त्यांचा पिचर म्हणजे एक टकलू, हसरा, जाडजूड गडी. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं की ही बाई मारत नाही. त्याने तीन चेंडू अलगद, मधोमध टाकले. जणू पाहुण्यांना चहा देतोय. मी तिन्ही बघितले. अंपायर तीनदा ओरडला आणि मी परत बाकावर. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टीमनेही तेच केलं. नोव्हाय गाव लहान. अशा बातम्या पसरतात. ओळीने पाच वेळा मी बॅट न हलवता आउट झाले. टीममधलं कोणी काही बोललं नाही. "पुढच्या वेळी," एवढंच म्हणायचे, आणि ते जास्त लागायचं.

त्या पाचव्या वेळेनंतर मी हेल्मेट काढत होते तेव्हा काका शेजारी येऊन बसले.

"एक सांगू? राग नाही ना येणार?"

"नाही," मी म्हटलं.

"आम्ही सगळे तुला गुड आय म्हणत होतो. चूक झाली आमची. तू चेंडू निवडत नाहीयेस. तू लपते आहेस."

राग आला. इतका आला की दोन दिवस मी टूलरूमकडे फिरकले नाही. एक ड्रॉइंग द्यायचं होतं ते दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवलं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरोबरच बोलले यार ते," आणि त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी काकाच एक नाकारलेला पार्ट घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी लाल टॅग का लावला ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. जायला वळले तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"माझं कामच नाही म्हणण्याचं आहे," मी म्हटलं. "तेच मी तिथे करते."

ते थांबले. तो पार्ट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा बघ. हा इथे पडून राहतो. तू गेज लावतेस, पुन्हा लावतेस, मग ठरवतेस. चेंडू थांबत नाही. तो येईपर्यंत थांबून 'मारू का?' असं विचारलंस तर उत्तर कायम नाहीच येणार, कारण वेळ संपलेली असते. तिथे उलटं करायचं. तो हातातून सुटायच्या आधीच हो म्हणून ठेवायचं. हो, हो, हो, असं म्हणत राहायचं. आणि वाईट दिसला तर शेवटच्या क्षणी नाही. थांबणं सोपं आहे, सुरुवात करणं अवघड आहे."

मग म्हणाले, "बारा वाजता, शिपिंगच्या मागे. डबा घेऊन ये."

त्यानंतर पाच-सहा आठवडे आमची जेवणाची सुट्टी शिपिंगच्या मागच्या काँक्रीटवर गेली. एका बाजूला ट्रेलर उभे, दुसऱ्या बाजूला जाळीचं कुंपण, आणि जूनमध्ये तिथल्या कुठल्याशा झाडांचा कापूस हवेत तरंगत असायचा तो डब्यात पडायचा. पहिला आठवडा काकांनी मला बॅटच दिली नाही. त्यांनी टेनिसचे जुने चेंडू आणले होते आणि प्रत्येकावर मार्करने एक ठिपका काढला होता, लाल, हिरवा नाहीतर काळा. ते फेकायचे आणि मी नुसता रंग सांगायचा. सुरुवातीला मला ठिपकाच दिसेना. "तू चेंडू बघत नाहीस, तो कुठे जाईल ते बघतेस," ते म्हणाले. "हातातून सुटताना बघ." चार दिवसांनी लाल ठिपका दिसायला लागला. मग हिरवा. काळा मात्र शेवटपर्यंत मी अंदाजानेच सांगायचे आणि त्यांना ते कळायचं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा कापून आणला, साधारण आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. तो त्यांनी तारेने कुंपणाला बांधला आणि मला त्याच्यासमोर उभं केलं. पुठ्ठा माझ्या कमरेच्या जरा वर, थोडा आतल्या बाजूला आला.

"ही जागा तुझी," ते म्हणाले. "तुझे हात इथे आपोआप जातात, मी बघितलंय. बाकीची चौकट पिचरची. दोन स्ट्राइक होईपर्यंत ती त्याला खुशाल ठेवू दे. त्याने कोपऱ्यात सुंदर चेंडू टाकला? छान. शाबास म्हणायचं त्याला मनातल्या मनात. पण या पुठ्ठ्यात आला तर तो तुझा, आणि तो सोडायचा नाही."

"आणि दोन स्ट्राइक झाले की?"

"मग बॅट जरा वर धरायची, मोठेपणा विसरायचा आणि जे येईल त्याला काहीतरी लावायचं."

मी वहीत लिहून घेतलं. ते हसले. म्हणाले, लिही, पण वही प्लेटवर नेऊ नकोस.

मला गंमत वाटायची ती ही, की हा खेळ इतका हळू चेंडूचा, तरी अवघड का जातो? मी एकदा विचारलंही. काका म्हणाले, जोरात येणाऱ्या चेंडूला माणूस घाबरतो तरी. हळू येणाऱ्यात विचार करायला वेळ मिळतो, आणि त्या वेळात माणूस स्वतःलाच आउट करतो. विचार सगळा आधी करून ठेवायचा. एकदा पाय रोवले की फक्त बघायचं.

जुलैमध्ये एकदा आमचा एक पुरुष खेळाडू सुट्टीवर होता म्हणून नवऱ्याला बोलावलं. तो पांढरी पँट घालून आला. पहिलाच चेंडू त्याने इतक्या नजाकतीने मागे, थर्ड मॅनला काढला की मलाही बरं वाटलं. तो बॅट उंचावून उभा. अंपायर म्हणाला, "फाउल."

"फाउल? गॅपमध्ये होता! चौका आहे तो!"

"सर, इथे मागे मारलेलं चालत नाही."

पुढचा चेंडू त्याने समोर मारला, चांगला मारला, आणि बॅट घेऊन पळत सुटला. सगळं मैदान ओरडत होतं, "बॅट टाक! बॅट टाक!" त्याला वाटलं लोक प्रोत्साहन देत आहेत. पहिल्या बेसवर पोचल्यावर सवयीने त्याने बॅट क्रीझमध्ये टेकवली. फील्डिंगला मात्र तो ग्लोव्ह न घालता उभा राहिला आणि दोन उंच चेंडू उघड्या हातांनी असे पकडले की दोन्ही टीम त्याच्याभोवती जमा झाल्या. सामना संपल्यावर त्याची आणि काकांची बॅटिंगवर जुंपली. नवरा म्हणाला, बॉलला त्याच्या गुणाप्रमाणे खेळावं. काका म्हणाले, तुमच्याकडे दिवसभर वेळ असेल, आमच्याकडे तीन चेंडू असतात, त्यामुळे आम्हाला घरूनच काहीतरी ठरवून निघावं लागतं. दोघांनाही एकमेकांचं पटलं नाही आणि दोघेही फार खूश होते.

काकांची स्वतःची बॅटिंग मी तेव्हा नीट बघायला लागले. प्रत्येक चेंडूनंतर ते बॅटरसाठी जमिनीवर आखलेल्या चौकोनाबाहेर यायचे, बॅटवरच्या एका ओरखड्याकडे बघायचे, मोठा श्वास सोडायचे आणि मग परत आत. एकदा डबा खाताना विचारलं, हे काय करता?

"मागचा चेंडू संपवतो," ते म्हणाले. "तो चांगला होता का वाईट, मी मूर्खपणा केला का शहाणपणा, ते सगळं त्या ओरखड्यापाशी ठेवायचं. नवीन चेंडूला मागच्या चेंडूशी काही देणंघेणं नसतं."

मग थोडा वेळ ते सूर्यफुलाच्या बिया चघळत बसले. मी त्यांना खारे शेंगदाणे दिले होते, तेही त्यांनी त्यातच मिसळले होते. कुंपणाकडे बघत, मी काहीही न विचारता, त्यांनी सांगितलं की विशीत ते बेसबॉल खेळायचे पैसे घेत. अगदी खालच्या पायरीची लीग. दोन उन्हाळे ते ओहायो-इंडियानातल्या लहान गावांतून बसने फिरले होते. दुसऱ्या उन्हाळ्याच्या मध्यावर मॅनेजरने बोलावून सांगितलं, घरी जा.

"का?" मी विचारलं.

"मी प्रत्येक चेंडू मारायचो. डोक्यावरचा, जमिनीवरचा, सगळे. बसमध्ये माझ्याच जागेसाठी आणखी तिघं बसलेले असायचे. नुसता उभा राहिलो आणि कोणाला दिसलोच नाही तर, अशी भीती वाटायची. पिचरना ते कळलं. त्यांनी मला मारण्यासारखा चेंडू द्यायचंच बंद केलं. गरजच काय होती?" त्यांनी बिया थुंकल्या. "तू घाबरून मारत नाहीस. मी घाबरून मारत सुटायचो. आजार एकच आहे. म्हणून तर मला तुझा लगेच ओळखू आला."

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, पण सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली गेला. मी डबा पुढे केला. त्यांनी आणखी मूठभर शेंगदाणे घेतले आणि म्हणाले, "चल, ऊठ. दहा मिनिटं आहेत."

तरीही गुरुवारी माझी बॅट काही चेंडूला लागत नव्हती. हलत होती, एवढंच. एकदा हवेत इतकी जोरात फिरवली की मी स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसले, आणि काकांनी बाकावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझी थट्टा करताहेत असं आधी वाटलं. नंतर कळलं की ते मनापासून होतं.

ऑगस्टमध्ये तो गुरुवार आला, ज्या दिवशी चार वाजून गेल्यावर अख्ख्या भागातली वीज गेली. मी टेबलाशी होते. पट्ट्या ठोकणारे प्रेस थांबले आणि कारखान्यात जी शांतता पसरली तशी मी तिथे कधी ऐकली नव्हती. माणसांच्या बुटांचे आवाज यायला लागले. आधी वाटलं आमचीच गेली. मग कोणीतरी गाडीतल्या रेडिओवर ऐकून आलं की डेट्रॉइटला वीज नाही, न्यूयॉर्कलाही नाही, कुठेच नाही. नळाचं पाणीही हळूहळू बारीक झालं. फोन लागेनात. सिग्नल बंद, त्यामुळे रस्ते तुंबलेले, पेट्रोल पंप चालेनात. घरी जायचं तरी कसं? जे जवळ राहायचे ते चालत गेले. उरलेले आम्ही थोडा वेळ पार्किंगमध्ये उभे होतो आणि मग, दुसरं करण्यासारखं काही नसल्यामुळे, मैदानावर गेलो.

प्लास्टिकवाले आधीच तिथे होते. त्यांचे सात जण, आमचे आठ. अंपायर आला नव्हता. सामना धरला जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. "मग खेळूच," टकलू पिचर म्हणाला. अंपायरच्या जागी दोन्ही टीमनी एकमताने काकांना उभं केलं. त्यांच्या शब्दावर कोणाचा आक्षेप नव्हता. आइस्क्रीमच्या दुकानदाराने वितळायच्या आत माल संपवायचा म्हणून एक पेटी आणून दिली होती. ऊन अजून चांगलं होतं. आमच्याकडे ऑगस्टात नऊपर्यंत दिसतं.

पहिली इनिंग संपत होती तेव्हा पलीकडून नवरा चालत येताना दिसला. ऑफिसचे कपडे, टाय खिशात. त्याने गाडी कुठेतरी रस्त्याकडेला लावली होती.

"फोन लागत नव्हता," तो म्हणाला. "घरी नसणार म्हटलं, मग इथेच असशील." त्याने माझ्या हातातलं अर्धं आइस्क्रीम खाल्लं. प्लास्टिकवाल्यांनी त्याला ओळखलं आणि ओढूनच नेलं, कारण त्यांच्याकडे माणसं कमी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे तो उभा राहिला, बाह्या वर करून, ग्लोव्हशिवाय.

माझी पाळी आली. समोर तोच टकलू गडी. पाठीमागे, अंपायर म्हणून, काका. त्यांनी मला ओळखही दाखवली नाही.

पहिला चेंडू सुटला. हो, हो, हो, म्हणत मी पाय टाकला. चेंडू डोक्यावरून चाललेला दिसला आणि मी थांबले. "बॉल," काका म्हणाले, म्हणजे चौकटीबाहेर.

दुसरा खाली, बाहेरच्या कोपऱ्यात. चौकटीत होता, पण माझ्या पुठ्ठ्यात नव्हता. मी सोडला. "स्ट्राइक!" काका खणखणीत ओरडले. मी मागे वळून बघितलं. त्यांचा चेहरा कोर्टातल्या जजसारखा. मी चौकोनाबाहेर आले, श्वास सोडला. मनात विचार आला, यापूर्वीही मी असे कितीतरी सोडले होते, पण हा मी ठरवून सोडला.

तिसरा चेंडू त्याच्या हातातून सुटला तेव्हाच मला त्याच्यावरची शिवण दिसली. लाल शिवण, फिरणारी. नंतर जे झालं त्यात मी काही केल्याचं आठवत नाही. हाताला काहीच लागलं नाही असं वाटलं, म्हणजे चेंडू बॅटच्या बरोबर मध्यावर बसला होता. तो सरळ, छातीच्या उंचीने, सणसणत गेला. आणि नवऱ्याने, विचार न करता, दोन्ही हात पुढे करून तो पकडला.

नवरा हातातल्या चेंडूकडे बघत होता, मग माझ्याकडे. "सॉरी," तो म्हणाला, आणि मग मराठीत, "अगं, आपोआप आला हातात!" आणि मग दोन्ही टीम अशा हसत सुटल्या की टकलू पिचर खालीच बसला.

मी तिथेच उभी होते. पळायचंही सुचलं नव्हतं. काका माझ्या मागून पुढे आले, टोपी डोक्यामागे सारून. त्यांचे डोळे भरून आले होते; हसून की कशाने, मी विचारलं नाही.

"आउट झाले मी," मी म्हटलं.

"झालीस. चेंडू बॅटवरून सुटला, तिथून पुढे तुझ्या हातात काही नव्हतं. कसं वाटलं?"

"पुन्हा मारायचंय."

"हं," एवढंच ते म्हणाले, आणि लगेच मोठ्याने पुढच्या बॅटरला बोलावलं.

पुन्हा पाळी आली तेव्हा दोन स्ट्राइक झाल्यावर माझी बॅट एका चेंडूला कशीबशी, मुठीजवळ लागली. हात झिणझिणले. चेंडू लंगडत लंगडत तिसऱ्या बेसकडे गेला, कोणी उचलेपर्यंत मी पहिल्या बेसवर पोचले होते. आयुष्यातली पहिली हिट! बाकावरचे नाचायला लागले. काकांनी फक्त खांदे उडवले आणि ओरडून म्हणाले, "हा काही तुझा नव्हता. पण राहू दे, ठेव."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चालतच गाडीपर्यंत गेलो. नवऱ्याचे तळवे लालबुंद झाले होते. घरी फ्रीजरमधली मटारची पिशवी अजून थंड होती, ती मी त्याच्या हातांत दिली. तो म्हणाला, "किती जोरात मारतेस गं!" लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण इतक्या आदराने तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

पुढचे चार उन्हाळे मी खेळले. मुलीच्या वेळचा एक गेला तो सोडून. फार मोठी बॅटर झाले नाही. चांगले चांगले बॅटरही दहात सातदा आउट होतात असं काका सांगायचे. मी आठदा व्हायचे. पण बॅट न हलवता परत येणं बंद झालं. २००६ मध्ये कंपनीने जुन्या लोकांना लवकर निवृत्ती देऊ केली तेव्हा काका आणि त्यांची बायको उत्तरेला, तळ्याकाठच्या त्यांच्या लहानशा घरात राहायला गेले. टीम वर्षभरात मोडली.

२००८ च्या वसंतात आमची लाइन बंद झाली आणि माझी नोकरी गेली. ग्रीन कार्डाचे कागद अजून अर्ध्यावर होते. नवऱ्याचं काम चालू होतं म्हणून निभावलं, पण मी घरात नुसती चिडचिड करत फिरत असे. जुलैमध्ये नवरा म्हणाला, चल, काकांना भेटून येऊ. मुलगी तीन वर्षांची होती. चार तास ड्राइव्ह करून आम्ही गेलो.

काकांनी मुलीला उचलून घेतलं. काकूंनी जेवण मांडलं. मी नोकरीचं सांगितलं आणि मनातून वाट बघत बसले, की आता ते बेसबॉलमधलं काहीतरी सांगतील, आणि मला त्याने बरं वाटेल. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट झालं. फार वाईट. तुझ्यासारखी इन्स्पेक्टर त्यांना परत मिळणार नाही." मग ते माझ्यासाठी त्यांच्या ओळखीच्या दोन जणांना फोन करत बसले, जेवण थंड होईपर्यंत. त्यातल्या एकाच्या ओळखीने सप्टेंबरात मला ॲन आर्बरच्या एका लॅबमध्ये काम मिळालं.

दुपारी मी आणि काकू मागच्या ओट्यावर चेरी निवडत बसलो होतो. अंगणात नवरा काकांना बॅट टेकवून फॉरवर्ड डिफेन्स शिकवत होता. काका मन लावून शिकत होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "पण मग मारायचं कधी?" मुलगी दोघांच्या मधून चेंडू घेऊन पळून जायची. काकू म्हणाल्या, हे असं संध्याकाळपर्यंत चालेल, तुम्ही आज राहूनच जा. आम्ही राहिलो.